बिनमिठाचा डबा

मला कुत्री आवडत नाहीत. आवडायलाच हवीत असा काही कायदा नाही. लहानपणी एकाने माझी पोटरी धरली होती. तेव्हापासून त्यांच्यात आणि माझ्यात जे अंतर पडलं, ते मी आजतागायत राखून आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कुत्री फार आहेत आणि मी ते त्यांच्या प्रेमापोटी सांगतेय असा कोणाचा गैरसमज व्हायला नको. माझं प्रेम आहे ते माझ्या भावावर, आणि तेही मी त्याला कधी तोंडावर सांगितलेलं नाही.

दादा माझ्याहून बराच मोठा. तो दात करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात आणि त्यावरून दादा कवळ्या बनवतो. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचे तुकडे, गॅसचा छोटा दिवा आणि कोपऱ्यात घासकामाची मोटर. आधी मेणात एकेक दात बसवायचा. डॉक्टरांनी पसंत केलं की मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून शिजवायचा, आणि मग मोटरवर धरून चकचकीत करायचा. निम्म्या शहरातल्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे, पण त्यातला एक चेहरा त्याने पाहिलेला नाही. साच्यावर नाव नसतं, नंबर असतो. "त्या अमक्या नंबरचा खालचा जबडा फार हेकट आहे," असं तो शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतो.

लग्न राहून गेलं. आधी बाबांचं आजारपण, मग माझं लग्न, मग आईचं अंथरूण. आई गेली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. कोणी विषय काढलाच तर म्हणायचा, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. त्यातून मी दातवाला." लोक हसायचे आणि विषय संपायचा. मला मात्र दरवेळी राग यायचा, कारण हसून झाल्यावर तो एकटाच घरी जायचा आणि हसणारे आपापल्या बायकोबरोबर.

आई गेल्यानंतरच्या थंडीत एक पिल्लू त्याच्या दाराशी येऊन बसलं. अंगभर काळं, गळ्याशी पांढरा पट्टा, आणि पुढ्यात ठेवलेल्या दुधाच्या वाटीवरही भुंकून हरकत घेतलेली. दादाने त्याचं नाव ठेवलं वकील. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. वकील तिथेच वाढला आणि तिथेच म्हातारा झाला.

त्याची जागा ठरलेली होती, पुढच्या खोलीचा उंबरठा. मोटर चालू असेपर्यंत तो तिथे कान न हलवता पडून राहायचा. मोटर थांबली की उठायचा. मोटर थांबली म्हणजे काम संपलं आणि काम संपलं म्हणजे मैदान, हे त्याचं त्याने शिकून घेतलं होतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, म्हणून दादा हे मला दर रविवारी फोनवर सांगायचा, जणू काही कुत्र्याने पदवी मिळवली होती. मी म्हणायची, "ये की राहायला चार दिवस." तो विचारायचा, "वकिलाला आणू?" मी म्हणायची, "अशील येऊ दे. वकील नको." तो हसायचा आणि यायचा नाही.

हे मैदान पाण्याच्या टाकीखाली आहे. संध्याकाळी तिथे कुत्रेवाल्यांचा अड्डा जमतो, आणि त्या अड्ड्याचा एक अजब रिवाज आहे. तिथे माणसाला नाव नसतं, कुत्र्याला असतं. माणूस म्हणजे अमक्याचे बाबा नाहीतर तमकीची आई. बँकेतले एक मोठे साहेब तिथे निव्वळ 'ढब्बूचे बाबा' होते. वर्षानुवर्षं रोज भेटणाऱ्यांना एकमेकांचं घर कुठलं, काम काय, घरात कोण कोण, यातलं काही माहीत नसे. ढब्बूला गोचिड झाल्या की मात्र सगळं मैदान हळहळायचं. दादा तिथे 'वकिलाचे बाबा'. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, चला, नसलेला मुलगा एकदम वकील झाला, शिक्षणाचा खर्चही वाचला.

त्या अड्ड्यात एक निवृत्त मास्तर होते, मोत्याचे आजोबा. त्यांचा मोत्या गेला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, मोकळ्या हाताने. सगळे भोवती जमले, अरेरे म्हणाले, कोणी पाठीवर हात ठेवला. मग गप्पा गोचिडांच्या पावडरीकडे वळल्या आणि मास्तर हात मागे बांधून नुसते उभे राहिले. पुढच्या संध्याकाळी लोकांनी त्यांना मान हलवून ओळख दिली. त्यानंतर ते यायचे बंद झाले. कुठे राहतात हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि नाव तर नव्हतंच नव्हतं. शोधायचं म्हटलं तरी कोणाला शोधणार? दादाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही.

त्याच मैदानावर बटणची आई यायची.

बटण म्हणजे तिची कुत्री. पिवळट, आखूड पायांची, नाक मात्र कोटाच्या बटणासारखं गोल आणि काळं. बाईंचं कपडे दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोणी जाड झालं की शिवण सोडून देणं आणि आजारातून उठलं की पुन्हा आत घेणं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लांब नोकरीला. माप घ्यायची टेप गळ्यातून काढायला विसरून तशाच मैदानावर यायच्या. ही बटण रोज भेटल्या भेटल्या दादाच्या पँटचे पाय हुंगून काढायची. वकील समोर उभा असला तरी आधी पँट. रिकामटेकडी माणसं पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, तसं तिचं ते वाचन चालायचं.

दोघं काय बोलत असतील? कुत्र्यांबद्दल. कान, दात, केस, नखं, जुलाब. दोन माणसं जुलाबाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलू शकतात यावर माझा विश्वास बसत नसे. पण रविवारच्या फोनमध्ये दर तिसऱ्या वाक्याला "बटणची आई म्हणत होती" यायला लागलं, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. दादाला ते कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असतं तरी तो बोलला नसता. त्याला रोजची ती एक संध्याकाळ मिळत होती आणि ती जाईल असं काही करायची त्याची छाती नव्हती.

मग वकील गेला.

हे मला तेव्हा कळलं नाही, फार उशिरा कळलं. मला एवढंच जाणवलं की फोन केला की मागे मोटर चालू असते. सकाळी करा, दुपारी करा, रविवारीसुद्धा घर्र घर्र. मी म्हटलं, "लोकांचे दात एकदम पडायला लागले की काय?" तो म्हणाला, "हो, काम फार आहे." मला तेवढ्यावर बरं वाटलं. काम असलं की माणूस ठीक असतो, अशी आपली एक समजूत असते.

वकील गेला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दादाचे पाय सवयीने मैदानाकडे वळले. खिशात वकिलाचा पट्टा होता. बटण धावत आली. मागून बाई आल्या आणि म्हणाल्या, "वकील कुठाय?"

दादाला मास्तर आठवले. हात मागे बांधून उभे असलेले. आणि ज्याने जन्मात दात सोडून काही खोटं केलं नव्हतं तो माझा भाऊ म्हणाला, "जरा बरं नाही त्याला. घरी झोपलाय."

"पोट बिघडलं का?"

"हो. पोटच."

"मग उद्या मऊ भात करून आणते. कलेजी आणि गाजर घालून. बाहेरचं काही देऊ नका त्याला."

दुसऱ्या दिवशी खरंच डबा आला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, अजून कोमट. बाई म्हणाल्या, "मीठ घातलेलं नाही, निर्धास्त द्या." दादा तो घेऊन घरी आला आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसला. टाकायला हात होईना. शितं टाकली तरी आमची आई पाठीत धपाटा घालायची. रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालावा, तर मैदानाचे डोळे चारी दिशांना. वकिलाच्या डब्यात दुसऱ्याच कुत्र्याने तोंड घातलेलं कोणी पाहिलं असतं, तर दुसऱ्या संध्याकाळी बातमी बाईंच्या कानावर गेली असती. चोराच्या मनात चांदणं! शेवटी त्याने चमचा घेतला आणि स्वतःच खाल्ला.

ही कारणं त्याने मला दिलेली. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. माझ्याकडे तो यायचा नाही, आणि आई गेल्यापासून त्याच्यासाठी कोणी भांडं गॅसवर ठेवलेलं नव्हतं. रात्रीचं त्याचं जेवण म्हणजे चहा आणि ब्रेड. हा भातसुद्धा त्याच्यासाठी नव्हता, गेलेल्या कुत्र्यासाठी होता. पण तो कोणीतरी शिजवला होता आणि हातात घेतला तेव्हा कोमट होता.

मग ते सुरूच झालं. दादा सवयीने पट्टा हातात घेऊन जायचा, बाई डबा द्यायच्या, तो संध्याकाळभर वकिलाच्या तब्येतीची खोटी बातमी द्यायचा, घरी जाऊन वकिलाचं जेवण जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत करायचा. मधूनच बाई म्हणायच्या, "मी येऊन बघते ना एकदा त्याला." याचा जीव वरखाली. "नको, डॉक्टरांनी गडबड नको म्हणून सांगितलंय." एक खोटं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. घरी मोटर आणि मैदानावर थाप. वकिलासाठी रडायला त्याला जागाच उरली नव्हती. बाहेर रडला असता तर पकडला गेला असता, आणि घरी रडायला कोणासमोर रडणार?

त्यात एका संध्याकाळी डबा परत देताना तो बोलून गेला, "कालचं गाजर जरा कच्चं राहिलं होतं हं."

बाई म्हणाल्या, "हो का? बरं." दुसऱ्या दिवसापासून डबा देताना त्यांचं 'मीठ घातलेलं नाही' बंद झालं.

हे सगळं मला कसं कळलं, तर एका दुपारी मी भाजी निवडत बसले होते आणि दारात दादा उभा. हातात पिशवी, बरोबर कुत्रा नाही. इतक्या वर्षांत तो आपणहून माझ्याकडे आला नव्हता. मला वाटलं, कोणीतरी गेलं. तसं कोणीतरी गेलंच होतं म्हणा.

पाणीबिणी काही नाही. त्याने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. "एक घास खाऊन बघ."

"काय आहे?"

"आधी खा. मीठ आहे की नाही सांग."

त्याच्या कामातल्या पातळ औषधाचा वास फार उग्र असतो. वर्षानुवर्षं तो नाकातोंडात जाऊन दादाची चव पार गेली आहे. गोड आणि तिखट एवढं कळतं, बाकी सगळा अंदाज. मी चमचा घेतला. भात होता, गाजर, वर कसले तरी मऊ तुकडे.

"मीठ आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

मी दुसरा घास घेतला. "नक्की. अगदी बेताचं आहे. भात बरा झालाय. कोणी दिला?"

"कुत्र्याचा आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

पुढे मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमचे हे आतल्या खोलीतून पेपर टाकून बाहेर आले आणि माझा अवतार बघून परत आत गेले. तोंड चार वेळा धुऊन झाल्यावर मी दादासमोर बसले आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाजराचं ऐकलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हा भांडं धुऊन परत करत होता आणि वर ताक आंबट होतं म्हणून सांगत होता!

"म्हणजे तिला कळलंय," तो म्हणाला. "वकील नाही हे कळलंय, आणि मी... मी त्याचं खातो हेही कळलंय."

"कळलंयच."

"टोमणा आहे तो. 'खा, तूच खा,' असा. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ तिथे?"

"इतक्यांना तोंडं करून दिलीस, स्वतःसाठी एक सापडत नाही?"

तो हसला नाही. प्लास्टरने पांढरी झालेली त्याची नखं तो नुसती कुरतडत होता. इतका म्हातारा तो मला त्याआधी कधी दिसला नव्हता. मला त्याचा रागही आला होता. वकील जाऊन इतके दिवस झाले आणि माझ्यापासूनसुद्धा लपवलं? तसं मी विचारलंच.

"तू म्हणाली असतीस, सुटलास," तो म्हणाला.

म्हणाले असते. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला आणखीच लागलं. मी विषय बदलला.

"हे बघ दादा. टोमणे मला विचार, माझी हयात त्यात गेली. टोमणा मारणारी बाई मूठभर मीठ घालते, घशाखाली उतरू नये असं. हे बेताचं आहे. चाखून घातलंय."

त्याने नखं कुरतडायचं थांबवलं.

"चाखून?"

"कुत्र्यासाठी केलेला भात तिने स्वतः चाखला, तुला नीट लागावा म्हणून. आता ऊठ."

"एकटा नाही जाणार मी."

"मी येते. पण कठड्याच्या आत पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी आम्ही गेलो. मी बाहेर, लोखंडी कठड्याला धरून. आत ही कुत्री! लांब, आखूड, केसाळ, बोडकी. दादा आत गेला. पट्टा त्याने माझ्या टेबलावरच ठेवला होता. मोकळे हात कुठे ठेवावे ते त्याला सुचेना, म्हणून त्याने ते मागे बांधले आणि बांधल्याबरोबर झटकन सोडले. मास्तर आठवले असणार.

बाई कठड्याजवळच्या बाकावर होत्या. गळ्यात टेप होतीच. बटण दादाकडे गेली, पँटला एकदा नाक लावलं न लावलं आणि त्याच्या बुटावर बसून राहिली. वाचण्यासारखं तिथे काही राहिलंच नव्हतं.

"आज पट्टा नाही आणलात?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बसा."

तो बसला. ढब्बूचे बाबा लांबून ओरडले, "काय वकिलाचे बाबा, आहे का बरा?" दादाने नुसता हात वर केला. मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "कधी गेला?"

इतक्या दिवसांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी नुसती भांडले होते.

"थंडी संपत आली होती तेव्हा," दादा म्हणाला. "मी एक वरचा जबडा घासत होतो. तो उंबरठ्यावर होता, नेहमीसारखा. मोटर चालू होती, त्यामुळे मला काही ऐकूच आलं नाही. काम झालं. मोटर बंद केली. तो उठला नाही."

बाई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होत्या.

"मग मी मोटर परत चालू केली," दादा म्हणाला.

आणि तो रडायला लागला. माझा एवढा मोठा भाऊ, बाबांच्या वेळी, आईच्या वेळी आम्हा सगळ्यांना धरून उभा राहिलेला, मैदानात सगळ्यांसमोर तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडला. मला आत धावत जावंसं वाटलं. मध्ये एक भलं थोरलं कुत्रं उभं होतं आणि मी कठडा सोडू शकले नाही. ते बरंच झालं. माझं तिथे काही काम नव्हतं.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग बटणचा पट्टा त्याच्या हातात दिला. "हिला धरा जरा," म्हणाल्या, आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"हिने तुमची पँट वाचायची सोडली तेव्हाच. आधी रोज थोडं थोडं कमी, मग नाहीच. म्हटलं, घरात आता कोणी नाही."

"मग डबा का देत राहिलात?"

"भात कोणीतरी खात होतं ना. कोण ते गाजरावरून कळलं." त्या किंचित हसल्या. "विचारावं असं रोज वाटायचं. पण विचारलं असतं तर तुम्ही यायचे बंद झाला असता, मास्तरांसारखे. मला तर तुमचं नावही माहीत नाही. कुठे शोधलं असतं मी तुम्हाला? म्हणून गप्प बसले. म्हटलं, निदान मीठ तरी घालावं."

मी कठडा सोडला आणि घरी निघाले. दादाला सांगितलंही नाही. रस्त्यात मला उगाचच भरून येत होतं, आणि घरी आल्यावर मी आमच्या ह्यांच्यावर चहा गार झाला म्हणून ओरडले.

त्याला आता बराच काळ लोटला. लग्न केलं का, म्हणून लोक मलाच विचारतात. मी सांगते, त्यांना विचारा. घरं दोन आहेत. तिकडे शिलाईचं मशीन, इकडे मोटर. मोटर आता काम असेल तेव्हाच चालते. रविवारी संध्याकाळी फोन केला तर तो नुसता वाजत राहतो, कोणी उचलत नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी किती तरी वेळ तो वाजू दिला. उंबरठा अजून मोकळा आहे. दादा आजही तो ओलांडताना पाय उंच उचलून टाकतो, कोणी झोपलं असावं तसा.

परवा बाईंनी मला जेवायला बोलावलं. बटणला माझ्यासाठी आतल्या खोलीत ठेवलं होतं, ती दारावर नखं घासत होती. स्वयंपाकघरात एकाच पातेल्यात शिजत होतं. त्यांनी आधी बटणचा वाटा वेगळा काढला आणि मग उरलेल्यात मीठ घातलं. चमचाभर रस्सा बशीत घेऊन दादापुढे धरला. "बघा हो, बरोबर आहे का?"

त्याची चव गेलेली आहे हे त्याने त्यांना सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याने बशी दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले, जिभेवर घोळवलं आणि जाणत्यासारखा म्हणाला, "किंचित कमी आहे."

त्यांनी आणखी घातलं. पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "अजून थोडं."

भाजी खारट ढोण झाली होती. माझ्या तोंडाची ख्याती सगळ्या नात्यात आहे. मी सासूच्या स्वयंपाकालाही कधी सोडलं नाही. दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, छान झालीय, आणि आणखी वाढून घेतली.